दिवाळीचे तळण : कढई की विजेचे यंत्र?

कोजागरीचे आटीव दूध ओठांवरून पुसले जाते न जाते, तोच घराघरांतून भाजणीचा खमंग दरवळ उठू लागतो. डब्यांची घासपूस होते, सोऱ्याच्या चकत्या शोधल्या जातात, अनारशाचे तांदूळ भिजत पडतात, आणि माळ्यावरची ती मोठी, काळ्या पाठीची कढई वर्षाच्या निद्रेतून जागी होते. घरात बसवलेल्या देवांइतकाच या कढईचाही घराण्याशी संबंध असतो. आजेसासूने सुनेला द्यावी, सुनेने नातसुनेला, असा तिचा क्रम. हल्ली मात्र या क्रमात एक नवा पाहुणा येऊ पाहत आहे. त्याचे नाव डीप फ्रायर. आपण त्याला तळणयंत्र म्हणू.

कीर्तनसेवेच्या निमित्ताने ज्या घरी उतरण्याचा योग येतो, तेथे आरती झाल्यावर पाने मांडली जाईपर्यंतच्या अवकाशात शास्त्रार्थ विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. पूर्वी विचारीत, एकादशी स्मार्त धरावी की भागवत, सोयर किती दिवस पाळावे. आता विचारतात, "बुवा, सूनबाई डीप फ्रायर आणू म्हणते. त्यात तळलेला नैवेद्य देवाला चालतो का?" विचारणाऱ्या माउलीच्या स्वरात बहुधा अशी आशा असते की बुवा 'नाही' म्हणतील, आणि दाराआड उभी असलेली सूनबाई बुवांच्या 'हो'कडे कान लावून असते. अशा जागी उत्तर देणे म्हणजे उत्तररंगाच्या ऐन भरात तबल्याची शाई निघण्यासारखे अवघड. तरीही प्रश्न खरा आहे, आणि तो केवळ सोवळ्याचा नाही. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करू.

देवाला यंत्राचे वावडे नाही, हे प्रथम सांगून टाकतो. माझ्या लहानपणी, १९७० च्या आसपास, रॉकेलच्या स्टोवर शिजवलेला वरणभात देवाला दाखवावा की नाही यावर आमच्या आळीत दोन पक्ष होते. पुढे गॅस आला तेव्हा तोच वाद नव्याने झाला, आणि मिक्सरमध्ये वाटलेल्या पुरणाबद्दलही झाला. आज त्या वादांची आठवणही फार थोड्यांना असेल. धर्मसिंधुकार काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी आपला ग्रंथ १७९० साली आमच्या पंढरपुरातच सिद्ध केला. त्यात विजेच्या शेगडीचा निर्णय सापडत नाही, हे सांगायला पंडित लागत नाही. परंतु निर्णय देण्याची दृष्टी तेथे सापडते. अग्नी कोणत्या इंधनाचा, यापेक्षा द्रव्य शुद्ध आहे का आणि पाक कोणत्या भावनेने केला, इकडे ती दृष्टी अधिक असते. तेव्हा प्रश्न बटणाचा नव्हे. प्रश्न तेलाचा आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा खोल आहे.

संस्कृतात तेलातुपाला 'स्नेह' म्हणतात. प्रेमालाही तोच शब्द. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराची जी विशेषणे आली आहेत, त्यांत 'स्निग्ध' हे एक आहे, हे तळणाला सरसकट तामस ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाचा निषेध असूनही स्नेहयुक्त भक्ष्य त्यातून वगळलेले आहे. आपल्या बायकांनी हा विचार पोथी न वाचता आचरणात आणला. पिठात पाणी न घालता दुधात भिजवलेली दशमी प्रवासाला चालते, तिचे खरकटे होत नाही. करंजी-शंकरपाळे आठ-पंधरा दिवस टिकतात आणि कोणी त्यांना शिळे म्हणत नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात तेलात तळलेल्या पूरिका आहेत, वटक आहेत, घारिका आहे. नाव ऐकताच आपल्याला भोपळ्याचे घारगे आठवतात, पण ती घारिका उडदाच्या वाटणाची. एकंदरीत दिवाळीच्या ताटामागे हजार वर्षांची कढई उभी आहे.

पण याच परंपरेने तळणाला सुट्ट्याही दिल्या आहेत. नागपंचमीला चिरू नये, भाजू नये, तळू नये. म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडे उकडतात. ज्या वसुबारसेने दिवाळीला आरंभ होतो, त्या गोवत्सद्वादशीला निबंधकारांनी तेलात तळलेले पदार्थ वर्ज्य सांगितले आहेत. म्हणजे सणाच्या उंबरठ्यावरच एक दिवस कढई पालथी! घरात मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी कढई ठेवायची नाही. शेजारीपाजारी ताट आणून देतात. चरकाचार्यांनी तर मापच घालून दिले आहे : जड पदार्थ पोटभर खायचे नाहीत, तृप्तीच्या तिसऱ्या हिश्शाने किंवा फार तर अर्ध्याने थांबायचे. तळण हा नित्याचा आहार नव्हे, नैमित्तिक उत्सव आहे, ही ती समज. जे यंत्र ओट्यावर बारा महिने तेल भरून उभे राहणार, ते या समजुतीशी कसे वागेल, हा माझ्या मते पहिला विचार.

आता त्या यंत्राचे स्वरूप पाहू. पेटीसारखे एक भांडे, त्यात किंवा त्याच्या बुडाशी विजेची कॉइल, वर जाळीची टोपली, झाकण, आणि तेलाचे तापमान राखणारे बटण. या बटणातच त्याचे खरे मोठेपण आहे. ठरलेल्या अंशावर पोचताच वीज आपोआप थांबते, तेल निवू लागले की पुन्हा चालू होते. बहुतेक पदार्थ १६० ते १९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तळले जातात. गॅसवरच्या कढईत हे अंश कोणी मोजत नाही. विसरलेली कढई धूर सोडू लागते आणि त्यानंतर पेट घ्यायला फार वेळ लागत नाही. (असे कधी झालेच तर गॅस बंद करून वर घट्ट झाकण टाकावे. पाणी कदापि ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन पेटते तेल घरभर उडते.) चांगल्या यंत्रात कॉइल तेलाच्या मध्यावर असते, तिच्याखालचे तेल त्या मानाने थंड राहते, आणि गळून पडलेला चुरा तेथे न जळता बसून राहतो. कढईत तोच चुरा बुडाशी करपतो आणि पुढचे घाणे काळवंडतात. हे गुण नाकारण्याचे कारण नाही.

मात्र घरातली वीजही पाहावी लागते. १८०० ते २००० वॉटचे यंत्र आठ-नऊ अँपिअर प्रवाह ओढते. टीव्ही-पंख्याच्या लहान सॉकेटला ते लावायचे नाही. गिझरला असते तसे मोठे सॉकेट हवे, आणि जुन्या वाड्यांच्या स्वयंपाकघरांत ते क्वचितच असते.

आता पदार्थाला पदार्थ लावून पाहू, कारण खरी परीक्षा तेथे आहे. बटाट्याच्या लांब फोडी तळण्यासाठी पाश्चात्त्य स्वयंपाकघरात हे यंत्र घडले. टोपलीत भरायचे, बुडवायचे, उचलायचे. आपले तळण असे एकजिनसी नाही. शेव सोऱ्यातून थेट तेलावर गोल फिरवून पाडतात. तिला रुंद तोंडाचे भांडे लागते, तेथे अरुंद पेटी आणि जाळीची टोपली अडचणच करते. भज्यांचे ओले पीठ टोपलीच्या जाळीला धरून बसते आणि सोडवताना भज्याचे अंग फाटते. टोपली काढून ठेवली तर उरते ते एक महाग पातेले. पुरी तेलात पडल्यावर तिच्या पाठीवर झारा दाबावा लागतो तेव्हा ती फुगते. करंजीच्या अंगावर झाऱ्याने तेल उडवत राहावे लागते तेव्हा तिला पापुद्रे सुटतात.

आणि अनारसा! त्याचा तर विषयच निराळा. खसखशीची बाजू वर ठेवून तो तुपात अलगद सोडायचा, उलटायचा नाही, मंद आचेवर झाऱ्याने त्याच्या जाळीत तूप शिंपडत राहायचे. तूप जरा कमी-अधिक तापले की तो विस्कटतो. त्याला आमच्याकडे 'अनारसा हसला' म्हणतात. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात. हे तेहतीस अनारसे टोपलीत घालून बुडवले तर ते सगळे मिळून हसतील, आणि जावई कोणत्या चेहऱ्याने परत जाईल हे मी सांगायला नको.

याउलट चकली, कडबोळी, शंकरपाळे, पापडी यांना यंत्र चांगले मानवते. त्यांना एकसारखा ताप हवा असतो. तेल जास्त तापले तर चकली बाहेरून लाल आणि आतून कच्ची. कमी तापले तर तेल पिऊन मऊ पडते. येथे अंश स्थिर ठेवणारे बटण अनुभवी हाताची बरोबरी करते, आणि नवख्या हाताच्या तर पुढेच जाते. मात्र झाकण लावून तळू नये. पदार्थातल्या पाण्याची वाफ कोंडली की कुरकुरीतपणाला बाध येतो. शिवाय तळणारीचे डोळे आणि कान दोन्ही बंद होतात. कान म्हटले ते मुद्दाम. तेलात पदार्थाभोवती जे बुडबुडे फुटतात ती त्याच्या अंगच्या पाण्याची वाफ असते. पाणी सरत आले की बुडबुडे विरळ होतात आणि तळणाचा आवाज उतरतो. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका पाठमोऱ्या उभ्या राहून नुसत्या आवाजावरून सांगत, "झाली ग चकली, काढ." मृदंगाचा बोल उतरला की कीर्तनकाराला सम कळते, तशातलीच ही गोष्ट.

आता तेलाकडे येतो. आपल्या कढईचे बूड गोल असते. या गोलाईत मोठी काटकसर आहे : अर्धा-पाऊण लिटर तेलातही मध्यभागी पुरी तरंगेल इतकी खोली मिळते. पेटीसारख्या यंत्राला खालच्या खुणेपर्यंत भरल्याशिवाय ते चालू करता येत नाही, आणि ही खूण बहुतेक घरगुती यंत्रांत दीड-दोन लिटरच्या पुढेच असते. ज्या कुटुंबाला महिन्याकाठी तीन-चार लिटर तेल पुरते, त्याने अर्ध्या महिन्याचे तेल एका दिवशी तापवायचे. मग ते टाकून देववत नाही. उद्या कांदाभजी होतात, परवा बटाटेवडे, तेरवा मुलांसाठी आणखी काही. तेल काळे, चिकट, फेसाळ होत जाते आणि तळण नैमित्तिक न राहता नित्याचे होते. पुनःपुन्हा तापलेल्या तेलात घातक द्रव्ये साठतात. या बिघाडाचे एक माप म्हणजे तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे. ती २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरू नये असा नियम भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला आहे. घरात हे मोजण्याचे साधन नसते. रंग, वास आणि फेस हेच तेथले साक्षीदार. हे तेल मोरीत ओतले की नळीत थिजते, आणि जे थिजत नाही ते गटारांतून अखेर नदीच्या वाटेला लागते. चंद्रभागेच्या काठी राहणाऱ्याने तरी एवढे जाणावे.

आणि येथेच त्या माउलीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. काल ज्या तेलात कांद्याची भजी तळली, त्याच तेलात आज देवाच्या पुऱ्या तळणार का? कढईत हा प्रश्न उद्भवत नाही. नैवेद्याचे तेल पळीने वेगळे घेतले जाते, उरलेले भाजीच्या फोडणीत संपते. यंत्रात तेल साठून राहते, आणि जो वास त्यात शिरला तो राहतो. नरकचतुर्दशीला तेलात लक्ष्मीचा आणि पाण्यात गंगेचा वास असतो असे पुराणवचन आहे. ज्या द्रव्याची ही थोरवी, ते नैवेद्यापुरते तरी ताजे असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. यंत्रात ताजे तेल घालून प्रथम नैवेद्य तळला, तर माझ्या मते त्यात कोणताही दोष नाही.

हे सारे तोंडाने सांगणे सोपे, पण गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरी उभा राहिला. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, वैधव्यानंतर आमच्याकडेच असते. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षे घरचे दिवाळीचे तळण तिच्या हातचे. गेल्या दिवाळीत करंजी सोडताना तिचा उजवा हात कापला, तेल उडाले, आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजले. फोड मोठे होते. लक्ष्मीपूजनाला ती अंथरुणावर होती. सुनेने त्याच रात्री सांगितले, पुढच्या वर्षी डीप फ्रायर येणार. अक्का म्हणाली, "मग फराळ विकतचाच आणा. माझी गरज काय?"

दोघींचेही खरे होते. सुनेला अक्काचा हात वाचवायचा होता. अक्काला यंत्राचा राग नव्हता. ज्या एका कामासाठी सारे घर वर्षातून एकदा तिच्याभोवती गोळा होते, ते काम जाण्याचे तिला भय होते. म्हाताऱ्या माणसांच्या हातातून कामे काढून घेताना आपण त्याला विश्रांती म्हणतो. त्यांना ती तशी वाटतेच असे नाही.

यंत्र घ्यायचे की नाही यावर आमच्याकडे श्रावणापासून खल चालला. शेवटी घेतले नाही. त्याची कारणे वर आलीच आहेत : घरात माणसे पाच, वर्षाचे तळण मोजून दहा-बारा दिवसांचे, आणि दिवाळीच्या ताटातले निम्मे पदार्थ त्या पेटीला न जमणारे. त्याऐवजी एक स्वयंपाकाचा तापमापक आणला, लांब दांड्याचा झारा आणला, आणि कढई ओट्याच्या कडेवरून उचलून आतल्या बाजूच्या शेगडीवर गेली. सोडण्या-काढण्याचे काम सुनेचे. अक्का दोन हात लांब खुर्चीवर बसते. गोकुळाष्टमीच्या वड्यांना याची रंगीत तालीम झाली. सून तापमापकाकडे पाहून म्हणाली, "एकशे सत्तर झाले, आत्याबाई." अक्का कान देऊन म्हणाली, "अजून थांब." पुन्हा काट्याकडे पाहिले तर तो एकशे ऐंशीला टेकत होता. सुनेने ते आकडे वहीत लिहून ठेवले आहेत. वड्यांपुढे १८०, आणि करंजीपुढे अक्काने सांगितल्याप्रमाणे 'वड्याहून मंद'. तो आकडा या दिवाळीत कळेल.

आमचा निर्णय तो सर्वांचा असे मात्र नव्हे. ज्या भगिनी घरगुती फराळाच्या मागण्या घेतात, बचत गटातून पन्नास-पन्नास किलो चकल्या करतात, त्यांनी यंत्र जरूर घ्यावे. त्यांचे तेल साठून राहत नाही, घाण्यामागून घाणा चालतो, आणि आचेवर राखण करण्याचे श्रम वाचतात. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे आणि मदतीला कोणी नाही, त्यांनीही घ्यावे, पण लहानात लहान घ्यावे. परदेशी राहणारी आपली मुले-मुली घरभर वास आणि धूर नको म्हणून गॅरेजमध्ये किंवा मागच्या अंगणात तळणाचा संसार थाटतात. त्यांना ते सोयीचेच आहे. हॉटेलसारखे रोज तळता येईल म्हणून जो घेऊ म्हणतो, त्याने मात्र आधी आपल्या वैद्याला विचारावे, मग दुकानदाराला.

एअर फ्रायर नावाचे जे दुसरे यंत्र २०१० नंतर बाजारात आले, त्याच्याबद्दलही विचारणा होते. नावात फ्रायर असले तरी ते तळत नाही. वेगाने फिरणाऱ्या गरम हवेत पदार्थ भाजते. त्यात शंकरपाळे खुसखुशीत होतात, पण ते भाजलेले शंकरपाळे. आवडले तर खुशाल करावे. अनारसा त्यालाही हसेल.

यंत्र घ्या किंवा कढई ठेवा, तेलाच्या बाबतीत आमच्या घरी जे चालते ते सांगतो. दिवाळीचे तळण सुरू होताना ताजे तेल. पहिला घाणा देवाचा. त्यानंतर गोड पदार्थ, मग तिखटमिठाचे, कारण हळद-तिखटाचे कण तेलात करपतात आणि त्याला लवकर काळे करतात. रात्री तेल पुरते निवल्यावर फडक्यातून गाळून स्टीलच्या डब्यात, झाकण लावून, अंधाऱ्या जागी. त्यात नवे तेल मिसळायचे नाही. भाऊबीजेपर्यंत ते फोडणीत संपवायचे. वास बदलला असेल तर तेही नाही. पाडव्यानंतर दहा दिवसांनी कार्तिकी येते. त्या दिवशी साबुदाण्याच्या वड्यांना फराळाचे उरलेले तेल लावले तर उपास मोडला असे अक्का मानते, कारण त्यात चकलीची भाजणी उतरलेली असते, आणि भाजणीत तांदूळ व डाळी आहेत. म्हणून शेंगदाण्याच्या तेलाची एक बाटली आताच वेगळी काढून, तिच्यावर 'एकादशी' अशी चिठ्ठी चिकटवून, देवघराखालच्या फडताळात ठेवली आहे.